बन्सीभाऊच्या अकरा रेकॉर्डी

१९९९च्या गुढीपाडव्याला मी जळगावच्या पिंप्राळ्यातल्या माझ्या टायपिंग क्लासच्या पाटीवर 'सायबर कॅफे' अशी एक ओळ वाढवून घेतली. कॅफे म्हणजे काय, तर दोन कॉम्प्युटर, टेलिफोनची एक लाइन आणि मध्ये प्लायवूडचा आडोसा. चहासुद्धा समोरच्या टपरीवरून मागवावा लागे. कॉलेजची मुलं रिझल्ट बघायला येत, कोणी अमेरिकेतल्या मुलाला पत्र पाठवायला येई. बाईमाणूस सहसा येत नसे. म्हणून जूनमधल्या एका रविवारी कुंदाताई चौधरी दारात उभ्या दिसल्या, तेव्हा मला वाटलं, घरी बायकोकडे आल्या असतील आणि चुकून खाली थांबल्या असतील.

कुंदाताई आमच्या मागच्या गल्लीतल्या. मुलींच्या शाळेत शिवण आणि हस्तकला शिकवायच्या. पस्तिशीच्या असतील. बोलणं कमी, हात सतत काहीतरी करत असलेले. त्यांनी कापडी पिशवीतून एक पुठ्ठा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"रतिलालभाऊ, तुमच्या मशीनवर जुनी गाणी मिळतात म्हणे. यातली मिळतील का?"

पुठ्ठा चौकोनी नव्हता, कोणीतरी कात्रीने कापलेला होता. एका बाजूला एका काळ्या अमेरिकन बाईचा फोटो, हनुवटीपर्यंतच. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत सहा गाण्यांची नावं, पण प्रत्येकाचं शेपूट कात्रीत गेलेलं. गाणारणीचं आडनावही अर्धंच.

"हे कुठे सापडलं?"

"भरतकामाच्या फ्रेमची काच तडकली. नवी बसवायला उघडली तर मागे हे निघालं. मीच लावलं होतं कधीतरी." एवढं बोलून त्या खुर्चीत बसल्या. पुढचं सांगायला त्यांनी तीन रविवार घेतले.

तेव्हा गाणं डाउनलोड करणं म्हणजे काय होतं ते आता आठवलं की हसू येतं. आधी अर्ध्या नावावरून शोधायचं. पान उघडायला पाच-पाच मिनिटं लागत. कोणा परदेशी विद्यार्थ्याने हौसेने आपल्या पानावर जुनी गाणी चढवून ठेवलेली असत, ती सापडली तर सापडली. मग एकेका गाण्याला तासभर. पडद्यावरची निळी पट्टी इंचाइंचाने सरकायची. नव्वद टक्क्यांवर आली की वरच्या मजल्यावर बायको कुणाला तरी फोन करायला रिसीव्हर उचलायची आणि लाइन तुटायची. पुन्हा पहिल्यापासून. कुंदाताई मात्र कंटाळत नव्हत्या. हातात विणकाम घेऊन बसायच्या आणि मधून मधून पट्टीकडे बघायच्या.

तिसऱ्या रविवारी पहिलं गाणं पूर्ण उतरलं. मी स्पीकर लावला. आधी जुन्या तबकडीची खरखर, मग एक पियानो अगदी संथ, आणि मग त्या बाईचा आवाज. जाडसर, दमलेला, पण एकेक सूर धरून ठेवणारा. मला इंग्रजी गाण्यांतलं काही कळत नाही. पण ती बाई रडत नव्हती आणि तरीही ऐकणाऱ्याला बरं वाटत नव्हतं, एवढं कळलं.

गाणं संपलं. कुंदाताईंच्या सुया थांबल्या होत्या.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या. दुसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाल्या, "हे आमच्या आबांना आवडायचं." आणि मग त्यांनी सांगितलं.

कुंदाताईंचं माहेर सावद्याजवळ. वडील तोताराम पाटील, केळीचे बागायतदार. आई बेबाबाई. दोनच मुलं. थोरला बन्सीलाल आणि दहा वर्षांनी धाकटी कुंदा. बन्सीलाल पुण्याला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करायला गेला, तिथे हॉस्टेलवर त्याच्या खोलीत डॅनियल नावाचा केनियाचा विद्यार्थी होता. दोघांची घट्ट दोस्ती. डॅनियल शिक्षण संपवून मायदेशी निघाला तेव्हा विमानात ओझं नको म्हणून, आणि दोस्ती म्हणूनही, आपल्या अकरा रेकॉर्डी आणि सुटकेससारखा बंद होणारा प्लेअर बन्सीलालला देऊन गेला. सगळ्या काळ्या अमेरिकन गायकांच्या. दुःखाची गाणी, देवाची गाणी, नाचायची गाणी.

बन्सीलाल ते सगळं गावी घेऊन आला. संध्याकाळी ओट्यावर प्लेअर ठेवायचा. गावातले लोक दोन दिवस गंमत म्हणून आले, मग यायचे बंद झाले. ऐकायला उरले तिघं. बन्सीलाल, कुंदा, आणि शेतातून येऊन पाय धुऊन भिंतीला टेकून बसलेले तोताराम आबा. एकदा त्या बाईचं ते संथ गाणं चाललं होतं, तेव्हा आबांनी विचारलं,

"काय गेलं रे या बाईचं?"

"नवरा गेला सोडून. रेल्वेत बसून."

आबांनी थोडा विचार केला. "मंग बरोबर हाये," म्हणाले, आणि तेव्हापासून अधूनमधून सांगायचे, "बन्सी, ते रेल्वेवालीचं लाव."

पुढे बन्सीलालला गुजरातेत अंकलेश्वरला कारखान्यात नोकरी लागली. राहायला एका खोलीत चौघं. त्याने रेकॉर्डी जुन्या लुगड्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आणि कुंदाला म्हणाला, "कुंदे, याले हात लावू नको. घर झालं का मी घेऊन जाईन." प्लेअर तोवर बिघडला होता. बन्सीलालने टेपरेकॉर्डर घेतला. दोन वर्षं गेली, त्याने रेकॉर्डींचं नाव काढलं नाही.

१९८४ साली कुंदाचं लग्न ठरलं. मे महिन्यातली तारीख. त्या हिवाळ्यात ती सावद्याला महिला मंडळाच्या हस्तकलेच्या वर्गाला जात होती, कारण रुखवत मांडायचं होतं, आणि सासरचे लोक जळगावचे, शिकलेले. वर्गातल्या बाईंनी नवीन प्रकार शिकवला. जुनी रेकॉर्ड उकळत्या पाण्यात धरायची. रबरासारखी मऊ पडली की उपड्या तांब्यावर दाबायची, कडांना चुण्या पडतात. गार झाली की फुलासारखं भांडं तयार. वर सोनेरी-चंदेरी रंग द्यायचा.

बाकीच्या मुली कुठून कुठून फुटक्या रेकॉर्डी शोधून आणत होत्या. कुंदाने पेटी उघडली.

"एकच घेणार होते," कुंदाताई मला म्हणाल्या. "सगळ्यात ओरखडे पडलेली. पण भांडं इतकं सुरेख झालं की बाईंनी वर्गात सगळ्यांना दाखवलं. मग दुसरी घेतली. अकराच्या अकरा केल्या, घरीच, आईच्या पातेल्यात. आणि रतिलालभाऊ, मला माहीत नव्हतं असं मी पंधरा वर्षं स्वतःला सांगत आले. पण माहीत होतं. हात लावू नको म्हणाला होता, ते प्रत्येक वेळी पेटी उघडताना आठवायचं."

रेकॉर्डींची पाकिटं जाड पुठ्ठ्याची होती. तीही वाया गेली नाहीत. भरतकामाच्या फ्रेमला मागून लावायला कापली.

बन्सीलाल लग्नाच्या आदल्या दिवशी आला. मांडवात रुखवताचं टेबल मांडलेलं होतं. त्यावर अकरा भांडी, कुठल्यात बेसनाचे लाडू, कुठल्यात शेव, कुठल्यात घरच्या केळीचे वेफर्स. पाहुण्या बायका हात लावून बघत होत्या. बन्सीलालनेही कौतुक केलं. "कुंदे, तू केलं हे?" म्हणाला, आणि एका सोनेरी भांड्यातला लाडू उचलून खाल्ला.

लग्नाच्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबर आलेल्या मित्राला रेकॉर्डी दाखवाव्यात म्हणून त्याने पेटी उघडली. कुंदा आतल्या खोलीत अंगाला हळद लावून बसलेली. तिला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"आबा, माझ्या रेकॉर्डी कुठी गेल्या?"

दाराचा पडदा बाजूला होता. आबांनी एकदा आत, कुंदाकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती. पुढे आबांचा आवाज आला, नेहमीसारखाच,

"म्या देल्या भंगारवाल्याले. दोन वरीस पडेल होत्या."

"मले इचारलं का?"

"नाही इचारलं."

"तुमाले केळी आन् ढोरं यापलीकडे कधी काही समजलं का?" बन्सीलाल ओरडला. पाहुण्यांसमोर, भर मांडवात. आबा वळले. मांडवाची दोरी सैल झाली होती, ती ओढायला गेले.

लग्न लागलं. कुंदाची पाठवणी झाली. बन्सीलालने तिला पोटाशी धरून हंबरडा फोडला आणि संध्याकाळच्या गाडीने, वडिलांच्या पाया न पडता, अंकलेश्वरला निघून गेला.

"तेव्हाच सांगायचं ना," मी म्हणालो.

"कसं सांगणार होते? अंगावर हळद होती. आणि वाटलं, दोन महिन्यांत राग निवेल."

राग निवला नाही. बन्सीलाल वडिलांशी बोलेना. पत्रं लिहायची ती आईला. त्याचं लग्न झालं, तेही तिकडेच, आबा अक्षता टाकून परत आले. पोरं झाली, पण त्यांना गावी पाठवलं नाही. बहिणीवर मात्र त्याची माया वाढली. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला माहेरी पोचवायला मुराळी म्हणून तोच यायचा. जळगावहून तिला गावच्या वेशीपर्यंत आणायचा, आईला वेशीवरच्या देवळात भेटायचा आणि तिथूनच परत फिरायचा. घरात पाऊल ठेवत नसे.

१९८७च्या आखाजीला कुंदाला ते सहन झालं नाही. झोक्यावर बसायला आलेल्या मैत्रिणींना सोडून ती शेतात गेली. आबा केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं काढत होते.

"आबा, मी भाऊले पत्र लिहिते. सगळं सांगते."

आबांनी विळा खाली ठेवला. "नको लिहू. तो तुले आखाजीले आणाले येतो ना? येऊ दे."

"आन् तुमचं?"

"माझं काय? त्याले कोणावर तरी राग धरना हाये. तू सासरी राह्यते. तुले भाऊ लागतो."

ती रडली, आणि परत आली. हे मला सांगताना कुंदाताई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "रडताना मला हलकंही वाटलं होतं, रतिलालभाऊ. आबांनी नको म्हटलं म्हणजे माझी सुटका झाली. ते मी विसरू शकत नाही."

१९९० साली बन्सीलाल धुळ्याला आला. एका खाजगी तंत्रनिकेतनात शिकवायला लागला आणि देवपूरला घर बांधलं. सगळ्यांना वाटलं, आता जवळ आला, येईल. १९९३च्या श्रावणात आबा शेतातच गेले. बन्सीलाल आला, अग्नी दिला, डोकं भादरलं. दहाव्याला कावळा शिवेना. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. बन्सीलाल पुढे होऊन म्हणाला, आईला मी सांभाळीन. कुंदा चार हातांवर उभी होती. तिने तोंड उघडलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

हे सगळं ऐकून मी जे केलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. मी म्हणालो, "ताई, ही गाणी भावाला नेऊन द्या. किती आनंद होईल त्यांना. आणि त्या आनंदात सांगून टाका. आता आबाही नाहीत, कोण रागावणार?"

मला ते सोपं वाटलं होतं. गोष्टीचा शेवट करून देण्याची घाई, दुसरं काय.

सहापैकी चार गाणी मिळाली. ऑगस्टपर्यंत वेळ गेला. मी कॉम्प्युटरची वायर टेपरेकॉर्डरला जोडून एका कोऱ्या कॅसेटवर ती भरून दिली. कुंदाताईंनी पुठ्ठ्यावरच्या बाईचं चित्र पेन्सिलने कागदावर उतरवून कॅसेटच्या डबीत घातलं. राखीपौर्णिमेला सकाळच्या एस.टी.ने त्या एकट्याच धुळ्याला गेल्या.

तिथे काय झालं ते त्यांनी मला पुढच्या रविवारी सांगितलं. राखी बांधून झाली. वहिनींनी चहा ठेवला. कुंदाताईंनी काही न सांगता कॅसेट लावली. ती खरखर सुरू झाली तशी बन्सीलालने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. पियानो आला, बाईचा आवाज आला, आणि पंचेचाळीस वर्षांचा तो माणूस उठून टेपरेकॉर्डरसमोर जमिनीवर मांडी घालून बसला.

"कुंदे, कुठी भेटलं तुले हे?" त्याचे डोळे भरले होते. बायकोला हाक मारून म्हणाला, "ये ना वं, ऐक. हे डॅनियलचं. मी सांगायचो ना तुला!" चारही गाणी त्याने सलग ऐकली. मध्ये एकदा म्हणाला, "पंधरा वर्षांत परत घेतली नाहीत मी. दुकानात पाहिलं तरी हात होत नव्हता. त्या म्हाताऱ्याने भंगारात घातली ना..."

"आबांनी नाही," कुंदाताई म्हणाल्या. "मी."

आणि सगळं सांगितलं. पातेलं, तांब्या, सोनेरी रंग, लाडू. आबांनी पडद्यातून पाहिलेलं. केळीच्या बागेतलं बोलणं.

सांगून संपलं तेव्हा बन्सीलालने हात लांब करून टेपरेकॉर्डर बंद केला.

"आईले माहीत होतं?"

"मी नाही सांगितलं कधी."

आई त्याच्याकडेच राहायला आलेली होती, तेव्हा आतल्या खोलीत जप करत बसली होती. त्याने तिथूनच मोठ्याने विचारलं. बेबाबाई हळूहळू उंबऱ्यापर्यंत आल्या. "मले ठावं होतं," म्हणाल्या. "पातेलं तं माझंच होतं ना."

"म्हणजे बठ्ठ्या घराले ठावं होतं," बन्सीलाल म्हणाला. "एक मले सोडून."

"तुह्या बापाने बोलू देलं नाही," आई म्हणाली.

तो हसल्यासारखं करून म्हणाला, "नऊ वर्षं, कुंदे. नऊ वर्षं मी त्या माणसाशी बोललो नाही. माझ्या पोरांनी आजा पाहिला तो तिरडीवर." मग आवाज चढला. "बापाने नको म्हटलं, आन् तू ऐकलं? एवढंच बरं ऐकलं त्याचं! मी हात लावू नको म्हटलं ते नाही ऐकलं?"

वहिनी मध्ये पडल्या. जेवण तसंच राहिलं. कुंदाताई दुपारच्या गाडीने परत निघाल्या. भाऊ दारापर्यंत आला नाही.

"कॅसेट?" मी विचारलं.

"तिथेच राहिली. ऐकत असेल की फेकली, कोण विचारणार?"

दिवाळी आली. भाऊबीजेला कुंदाताईंनी ताट तयार करून ठेवलं होतं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा बन्सीलाल आला नाही, निरोपही नाही. त्यांच्या मिस्टरांनी एकदा धुळ्याला फोन लावून पाहिला. वहिनींनी घेतला, म्हणाल्या, कॉलेजच्या कामात आहेत. कुंदाताई माझ्याकडे रविवारी येत राहिल्या, पण गाण्यांसाठी नाही. नुसत्या बसायच्या, विणायच्या, आणि एखाद्या मुलाचा रिझल्ट लागला की पेढ्याचा तुकडा घेऊन जायच्या. मी दोनदा माफी मागायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "तुमचं काय चुकलं? उशीर माझा होता."

डिसेंबरमध्ये बेबाबाईंनी हट्ट धरला की गावचं घर बघायचं आहे. बन्सीलाल त्यांना घेऊन गावी आला आणि आईनेच कुणाकरवी मुलीला निरोप धाडला. कुंदाताई गेल्या. बहीण-भाऊ तीन दिवस एका घरात होते. पत्र्यांची गळती, आईचं ब्लडप्रेशर, बाग कोणाला कसायला द्यायची, एवढंच बोलले. आबांचा विषय दोघांनीही टाळला. चौथ्या दिवशी कुंदाताई जळगावला निघाल्या, तेव्हा तो त्यांची पिशवी उचलून स्टँडवर आला.

गाडीला वेळ होता. दोघं सिमेंटच्या बाकावर बसले. मग त्याने विचारलं,

"मी आईले पत्रं लिहायचो. ती कोण वाचून दाखवायचं? शेजारच्या भिकुबाईची पोर ना?"

कुंदाताईंना वाटलं, खोटं बोलावं. एकदा जे लपवलं त्याचं काय झालं, ते समोर बसलेलं होतं. म्हणून त्या खरं बोलल्या.

"नाही. आबाच वाचायचे."

"बठ्ठं?"

"बठ्ठं. वरून खालपर्यंत, मोठ्याने. आई चूल फुंकत बसायची. मी दोनदा पाहिलं. तू सगळ्यांची नावं लिहायचा, त्यांचं नाही, तरी तसंच वाचायचे. मग घडी घालून तिच्या हातात द्यायचे."

बन्सीलाल गुडघ्यांवर हात ठेवून रस्त्याकडे बघत राहिला. केळीचा ट्रक गेला, त्याच्या मागे धूळ. भुसावळमार्गे जळगावला जाणारी गाडी येऊन लागली, लोक चढायला लागले. कुंदाताईंनी पिशवी घेतली.

"जाते मी," त्या म्हणाल्या.

"हां," तो म्हणाला. "खिडकीले बस. ऊन नाही लागणार त्या अंगाले."

गाडी सुटली तेव्हा तो बाकावरच होता.